चाकणची ‘चारशे’
ट्रायम्फ हे नाव ब्रिटिश, पण त्यांची ‘स्पीड ४००’ ही मोटारसायकल तयार होते पुण्याजवळ चाकणला, बजाज ऑटोच्या कारखान्यात. २०२३ मध्ये आलेल्या पहिल्या मॉडेलची ही ओळख :

● इंजिन : ३९८ सीसी, एकच सिलिंडर, लिक्विड कूलिंग. ८,००० आरपीएमला ४० पीएस ताकद. गिअर सहा.

● थ्रॉटल : मूठ आणि इंजिन यांना जोडणारी केबल नाही. मूठ किती पिळली हे सेन्सर टिपतो आणि त्यानुसार हवा आत सोडली जाते.

● क्लच : स्लिप-असिस्ट. लिव्हर हलका लागतो. घाईत गिअर उतरवला तरी मागचं चाक उड्या मारत नाही.

● ट्रॅक्शन कंट्रोल : ओल्या रस्त्यावर मागचं चाक जागीच फिरू लागलं, तर इंजिनाची ताकद आपोआप कमी होते. ही सोय बंदही करता येते.

● ब्रेक : पुढे ३००, मागे २३० मिलिमीटरची डिस्क. दोन्ही चाकांना एबीएस.

● मापं : सीटची उंची ७९० मिलिमीटर, वजन सुमारे १७६ किलो, टाकी १३ लिटर.

लक्षात ठेवा : एबीएस चाक जाम होऊ देत नाही, पण डोकं हेल्मेटच वाचवतं. पट्टा आवळूनच निघा.