लपणारा एंजल आजारी नसतो

गोड्या पाण्यातला एंजल आपल्याकडे घरोघरी ओळखीचा आहे. ॲमेझॉनच्या खोऱ्यातला हा मासा काचेपाशी येऊन खाणं मागतो. समुद्री एंजलचं कुळच निराळं. त्याच्या कल्ल्याच्या झाकणावर मागे वळलेला काटा असतो आणि त्याच्या छोट्या जाती दिवसभर खडकांच्या फटींतून आत-बाहेर करतात. म्हणून गोड्या पाण्याची सवय असलेल्याचा पहिला गैरसमज ठरलेला: मासा दिसत नाही, म्हणजे आजारी आहे. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा मल्टिबार्ड एंजल प्रवाळाच्या बाहेरच्या उतारावर, कपारींच्या आडोशाने राहतो. लपणं हा त्याचा स्वभाव आहे. माणूस हलला की तो आत शिरतो, पण सगळं शांत झालं की खडक टोचू लागतो. आजारी मासा वेगळा ओळखू येतो. त्याचा श्वास भराभर चालतो, अंगावर बारीक धुळीसारखा थर दिसतो, खाणं सुटतं आणि कित्येकदा तो पंपाच्या झोतात उघड्यावर थांबून राहतो. हा फरक न पाहता टाकीत तांब्याचं औषध ओतलं, तर लाजरा मासा धीट होत नाही. प्रवाळ, कोळंबी आणि गोगलगायी मात्र दगावतात.

दुसरा गैरसमज असा, की खडक कमी केले तर मासा दिसेल. प्रत्यक्षात आडोसा गेला की तो कोपऱ्यात अंग चोरून बसतो आणि उपाशी राहतो. पळून जायला दोन-तीन वाटा असल्या, तरच तो बाहेर येण्याचं धाडस करतो. खडकावर त्याला टोचण्याजोगं शेवाळ रुजायला काही महिने लागतात, म्हणून तो जुन्या टाकीत आणि आक्रमक मासे नसताना सोडावा. ‘दिसतच नसेल तर पाळायचा कशाला?’ हा आक्षेप रास्त आहे. समोर खेळणारा मासा हवा असेल त्याने पैदास केलेला क्लाउनफिश घ्यावा. समुद्री एंजलची अंडी मात्र पाण्यावर तरंगतात आणि पिल्लं फार नाजूक असतात. त्यामुळे बाजारातले बहुतेक समुद्री एंजल समुद्रातूनच पकडलेले असतात.

खान्देशातल्या चाळीसगावासारख्या ठिकाणी पाण्याचा घोटाळा आणखी मोठा. बोअरचं पाणी जड आहे, त्यात मीठ घातलं की झालं, असं समजलं जातं. पण स्वयंपाकाचं मीठ म्हणजे जवळजवळ नुसतं सोडियम क्लोराइड. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यांत मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियमही असतं. म्हणून आरओचं पाणी आणि मत्स्यालयासाठीचं सागरी मीठच वापरावं. खान्देशच्या उन्हाळ्यात बाहेर पारा चाळिशीपार जातो. टाकी मात्र २४ ते २७ अंशांवर ठेवावी लागते. पाणी उडतं, क्षार मागे उरतात. घटलेलं पाणी खाऱ्या पाण्याने भरून काढलं, तर खारेपणा वाढत जातो. भर घालायची ती बिनमिठाच्या पाण्याचीच. वीज गेली तर ऑक्सिजन घटतो, म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप ही चैन नव्हे.

शेवटचा गैरसमज ‘रीफ-सेफ’, म्हणजे प्रवाळाला सुरक्षित, या शिक्क्याचा. पोटभर खाल्लेला एंजलही प्रवाळाला टोचू शकतो. त्याची हमी कुणी देऊ शकत नाही. शिवाय दगडी प्रवाळ वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. आपल्या किनाऱ्यावरून ते काढून आणणं हा गुन्हा आहे. तेव्हा आधी टाकी मुरू द्यावी, दुकानात मासा समोर खाताना पाहावा आणि मगच पैसे मोजावेत. जो मासा दुकानात खात नाही, तो घरी आल्यावर खाईल, या आशेवर त्याला विकत घेऊ नये.