गवताखाली दडलेला स्फुरद

नत्र हवेत भरपूर आहे, द्विदल पिकांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू तो थेट ओढून घेतात. स्फुरदाला ही सोय नाही! तो खडकातून येतो, झिजत झिजत मातीत उतरतो आणि एकदा समुद्रात वाहून गेला की परत खडक होऊन वर यायला कोट्यवधी वर्षं जातात. म्हणून गवताळ रानं हाती आलेला स्फुरद जिवापाड जपतात. आणि तो कोणत्या रूपात जपला जाईल, हे ऊन, पाऊस आणि थंडी ठरवतात.

जवळजवळ निम्मा सेंद्रिय
मातीतल्या एकूण स्फुरदापैकी साधारण ३० ते ६५ टक्के सेंद्रिय रूपात असतो. मेलेली मुळं, बुरशी, जिवाणू, शेण यांतून तो येतो. गवताला मात्र तो तसाच घेता येत नाही. मुळं आणि जिवाणू फॉस्फटेज नावाचं विकर सोडतात, ते स्फुरद तोडून मोकळा करतं, मग मुळं शोषतात.

चिवट फायटेट, नाजूक डीएनए
बियांमध्ये स्फुरद साठतो तो मुख्यतः फायटेटच्या रूपात: एक कडं आणि त्याला सहा फॉस्फेट गट. चिकणमातीला, लोहाला, ॲल्युमिनियमला हे फायटेट इतकं घट्ट चिकटतं की जिवाणूंच्या सहज हाती लागत नाही. डीएनए आणि पेशींच्या पडद्यांतला स्फुरद मात्र ते चटकन फस्त करतात. अर्थात, जिवाणूंना काम करण्याजोगी ऊब असेल तर!

ओटागोच्या डोंगरावर
न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर मिलफर्ड साउंडला वर्षाला ६,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथून सव्वाशे-दीडशे किलोमीटरवरच्या, ओटागो प्रांतातल्या अलेक्झांड्रा गावात जेमतेम ३५० मिलिमीटर. महाबळेश्वर भिजतं आणि माण-खटाव कोरडे राहतात, तोच हा पर्जन्यछायेचा खेळ. इथल्या कोरड्या दऱ्यांपासून गारठलेल्या ओल्या डोंगरांपर्यंत टसॉक नावाचं झुपक्यांचं गवत पसरलेलं आहे. हवामान बदलतं, गवत साधारण तेच. मातीच्या अभ्यासकाला याहून चांगली प्रयोगशाळा कुठे मिळणार?

न्यूमन आणि टेट या शास्त्रज्ञांनी १९८० मध्ये मातीतल्या स्फुरदाची रूपं ओळखण्याचा एक नवा मार्ग दाखवला. माती कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात हलवायची, गडद तपकिरी अर्क काढायचा, तो बारीक काचनळीत भरून चुंबकीय अनुनादाच्या यंत्रात ठेवायचा. इस्पितळातला एमआरआय चालतो तेच तत्त्व. स्फुरदाचं प्रत्येक रूप आलेखावर आपापल्या जागी शिखर उमटवतं. १९८२ मध्ये त्यांनी याच टसॉकच्या माती तपासल्या. थंडी आणि ओल वाढली तसा डीएनएसारख्या नाजूक रूपांतला स्फुरद जास्त सापडू लागला, कारण तो मोडणारे जिवाणूच मंदावलेले. एरवी जो काही दिवसांत संपला असता, तो डोंगरावर शिल्लक!

थंडी साठवते
मूळचे स्वित्झर्लंडचे हान्स जेनी यांनी अमेरिकेतल्या ग्रेट प्लेन्सच्या माती उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत ताडून पाहिल्या. ओल सारखी असेल, तर वार्षिक सरासरी तापमान १० अंशांनी उतरलं की नत्र आणि सेंद्रिय पदार्थ दुप्पट-तिप्पट होतात, असं त्यांना आढळलं. सेंद्रिय स्फुरदाची चाल मात्र थोडी वेगळी, आणि मला यातली सगळ्यात भारी गोष्ट हीच वाटते. सेंद्रिय नत्र सुटतो तो प्रामुख्याने जिवाणू ऊर्जेसाठी कर्ब जाळतात तेव्हा. स्फुरद मात्र कर्बाला धक्का न लावता, गरजेपुरता तेवढाच तोडून घेता येतो. मॅकगिल आणि कोल यांनी १९८१ मध्ये हा फरक मांडला, आणि एकाच मातीत नत्र आणि स्फुरद दोन वेगळ्या वाटांनी का जातात ते उमगलं.

पहिल्या पावसाची चंगळ
इंग्लंड आणि वेल्समधल्या कुरणांच्या २९ माती वाळवून पुन्हा भिजवल्या, तर पाण्यात विरघळणारा स्फुरद १८५ ते १,९०० टक्क्यांनी वाढला! २००१ मध्ये टर्नर आणि हेगार्थ यांनी हे दाखवलं. वाळलेल्या मातीवर एकदम पाणी पडलं की जिवाणूंच्या पेशी फुटतात आणि आतला स्फुरद बाहेर सांडतो. त्यातला बराचसा सेंद्रियच. पण तो मुळांना मिळतो की ओढ्याला, हे पाऊस किती जोरात येतो त्यावर.

गाईच्या पोटात
कोंबडीला आणि डुकराला दाण्यातलं फायटेट नीट पचत नाही. गाईच्या पोटातले सूक्ष्मजीव ते फोडतात, म्हणून चरणाऱ्या गुरांच्या शेणात फायटेट फारसं उरत नाही.

विमानातून खत
न्यूझीलंडमध्ये १९४९ पासून डोंगराळ कुरणांवर विमानातून सुपरफॉस्फेट टाकू लागले. त्यासाठी लागणारा फॉस्फेट खडक नाऊरू बेटावरून येई. पुढच्या वर्षांत त्यातला बराच स्फुरद गवत, गुरं आणि जिवाणू यांच्या हातून सेंद्रिय होऊन मातीत मुरला.

आणि पाऊस आटला तर?
अंटार्क्टिका वगळता सगळ्या खंडांतल्या २२४ कोरड्या ठिकाणांची माती तपासून २०१३ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. कोरडेपणा वाढत गेला तसे कर्ब आणि नत्र घटले, खडकातून येणारा स्फुरद मात्र वाढला. गवत विरळ झालं की सेंद्रिय पदार्थ कमी पडतो आणि फॉस्फटेजही उतरतं. म्हणजे कोरड्या होत चाललेल्या कुरणांत स्फुरद असेल, पण गवताला त्याच्या जोडीला लागणारा नत्र नसेल.