गटात बसवले म्हणजे सहकार्य होत नाही

शिक्षक प्रश्न विचारतात, काही हात वर होतात. एकाचे उत्तर चुकले की दुसऱ्यांचे चेहरे खुलतात. ज्यांचे हात कधीच वर होत नाहीत, ती मुले मान खाली घालून बसतात. अमेरिकेतील ऑस्टिन शहरात १९७१ मध्ये मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन यांना वर्गांमध्ये हेच चित्र दिसले. गोरी, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाची मुले तेथे नुकतीच एका शाळेत आली होती. त्यांच्यात तणाव होता आणि स्पर्धेने तो वाढतच होता.

त्यावर अ‍ॅरन्सन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी 'जिगसॉ' पद्धत योजली. जोडचित्राचा प्रत्येक तुकडा जसा आवश्यक, तसाच प्रत्येक विद्यार्थी. पाच-सहा मुलांचा मिश्र गट केला जातो. एखाद्याचे चरित्र शिकायचे असेल तर त्याचे तेवढेच भाग पाडून प्रत्येकाला एकच भाग दिला जातो. तोच भाग मिळालेली निरनिराळ्या गटांतील मुले आधी एकत्र बसून तो पक्का करतात. नंतर प्रत्येक जण आपल्या गटात परतून तो इतरांना समजावून देतो. शेवटी परीक्षा मात्र प्रत्येकाची स्वतंत्र आणि संपूर्ण पाठावर होते.

यात इंग्रजी अडखळत बोलणाऱ्या मुलाची थट्टा करून भागत नाही, कारण त्याच्याजवळचा भाग इतर कोणाकडेच नसतो. त्यामुळे त्याला धीर देऊन, नेमके प्रश्न विचारून बोलते करणे हे सर्वांच्याच हिताचे ठरते.

या वर्गांतील मुलांमध्ये परस्परांविषयीचा आकस कमी झाला, आत्मविश्वास वाढला आणि शाळेची गोडीही वाढली, असे अभ्यासात आढळले. अल्पसंख्याक मुलांचे गुण पारंपरिक वर्गांतील त्यांच्यासारख्या मुलांपेक्षा वाढले, तर गोऱ्या मुलांचे गुण घटले नाहीत. हुशार मुले मागे पडतील, या पालकांच्या भीतीला हे उत्तर होते.

मात्र चार बाके जोडून मुले समोरासमोर बसवली की हा परिणाम साधतो, असे नाही. तसे केल्यास एक-दोघे काम करतात आणि बाकीचे उतरवून घेतात. गटाला समान उद्दिष्ट हवे आणि प्रत्येकाची स्वतंत्र जबाबदारीही हवी, यावर संशोधक रॉबर्ट स्लाव्हिन यांनी भर दिला. त्यांच्या पद्धतीत प्रत्येक मुलाने स्वतःच्या पूर्वीच्या गुणांत केलेली सुधारणा गटाच्या खात्यात जमा होते. साहजिकच मागे असलेला विद्यार्थी गटाला ओझे वाटत नाही; त्याची प्रगती हीच गटाची मिळकत ठरते.