रोहिणी निघण्याआधी वायपर बघा

पाऊस जवळ आला की आपल्याकडे घरोघरी कामांची यादी सुरू होते. कौले परतायची, पन्हळीतला पाला काढायचा, छत्र्यांच्या काड्या दुरुस्त करून आणायच्या, पापड-सांडगे डब्यात भरायचे. दारात चारचाकी असली तर तिचीही थोडी विचारपूस होते. टायर बघतात, बॅटरी बघतात, ब्रेक तपासून घेतात. पण पुढच्या काचेवरच्या त्या दोन काळ्या पट्ट्यांकडे पहिला पाऊस पडेपर्यंत कोणी बघत नाही. आणि पाऊस पडल्यावर बघायचे म्हणजे घाटात बघायचे, हे आपल्या भागाचे दुखणे आहे.

माझे माहेर धारवाडचे, सासर बेळगावचे. माहेरी पावसाला मळी म्हणतात. सासरी आले तेव्हा मळी म्हणजे साखर कारखान्यातली, हे नव्याने कळले. शब्द बदलले तरी नक्षत्रे मात्र दोन्हीकडे तीच. इकडचा शेतकरी मृगाचा पाऊस म्हणतो, तिकडचा मृगशिरा मळी म्हणतो. रोहिणी २५ मेच्या आसपास निघते आणि मृग ७-८ जूनला. वायपर बघायचे, ते रोहिणी निघण्याआधी. कारण सांगते.

रबर मरते उन्हात

वायपरची झीज पावसात होते असा सगळ्यांचा समज असतो. खरे म्हणजे त्याचे निम्मे आयुष्य उन्हाळाच खातो. मार्च ते मे गाडी उन्हात उभी राहते. काच तापते, तिला चिकटलेले रबर भाजून निघते. ऊन आणि हवेतला ओझोन यांनी रबर कडक होते, त्याला बारीक चिरा पडतात. वर धूळ बसते ती वेगळीच. या तीन महिन्यांत वायपर एकदाही चालत नाही, त्यामुळे तो निकामी झाल्याचे कळायला मार्ग नसतो.

दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये आम्ही धाकट्या दिरांच्या गाडीतून पणजीला बारशाला निघालो होतो. जांबोटी मागे पडले, कणकुंबी आली आणि पाऊस असा कोसळू लागला की समोरचा रस्ता दिसेना. चोर्ला घाट उतरायला लागलो आणि चालकाच्या बाजूच्या वायपरचे रबर सुटून लोंबू लागले. उघडे लोखंड काचेवर घासायला लागले. दिरांनी धोक्याचे दिवे लावून रुंद जागा बघून गाडी बाजूला घेतली. मागे सासूबाई आणि दोन मुले. दीर म्हणाले, "वहिनी, गेल्या पावसाळ्यात बरे चालत होते की हो!"

गेल्या पावसाळ्यात चालत होते ते खरेच. पण मध्ये एक उन्हाळा गेला होता.

तिथे सुचले ते केले. डाव्या बाजूचा वायपर काढून चालकाच्या बाजूला लावला. तो थोडा आखूड होता, पण आकडा सारखा असल्यामुळे बसला. डावीकडचा रिकामा दांडा काचेवर फिरून ओरखडे पाडील म्हणून त्याच्या टोकाला पंचा गुंडाळून दोरीने करकचून बांधला. पावसाचा जोर ओसरल्यावर हळूहळू खाली उतरलो. काचेवर मात्र लोखंडाने काढलेली कमान कायमची राहिली. समोरून दिवे आले की ती कमान चमकायची आणि रस्ता दिसेनासा व्हायचा. शेवटी दिरांना काच बदलावी लागली. वायपरची जोडी काही शे रुपयांत येते, काचेला हजारो मोजावे लागतात.

पैशाचे सोडा. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. काच दोन सेकंद धूसर राहिली तर आपण ३० मीटरहून अधिक अंतर अंदाजाने कापलेले असते. तेवढ्यात वळण येते, म्हैस आडवी येते, कोणी दुचाकीवाला प्लॅस्टिकचा कागद पांघरून चाललेला असतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये पुढच्या काचेला चांगला चालणारा वायपर हवाच असे सांगितले आहे, ते उगीच नव्हे.

आधी पुसा, मग ठरवा

वायपर खराब वाटला की लगेच नवा आणायची घाई नको. आधी काच साबणाच्या पाण्याने धुऊन घ्या. मग ओल्या मऊ फडक्याने रबराची धार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुसा. फडके काळे होईल. ते पूर्ण पांढरे निघेपर्यंत घासत बसू नका, कारण पुष्कळ वायपरच्या रबरावर ग्रॅफाइटचा पातळ थर असतो, तो निघून जाईल. आता पाणी मारून वायपर चालवून बघा. अनेकदा एवढ्यानेच काम होते.

तरीही तक्रार राहिली तर ती ओळखायला शिका. बारीक रेघोट्या उठत असतील तर रबराची धार तुटली आहे. एखादा पट्टा न पुसताच राहत असेल तर वायपरची चौकट वाकली आहे किंवा दांड्याची स्प्रिंग सैल झाली आहे. थडथड करीत वायपर उड्या मारीत असेल तर रबर कडक झाले आहे. रबराची धार जाताना एका बाजूला आणि येताना दुसऱ्या बाजूला कलली पाहिजे. कडक रबर कलत नाही, म्हणून ते उड्या मारते. नवे रबर घालूनही थडथड थांबली नाही तर दांडा पिळला आहे का, ते मेकॅनिककडून बघून घ्या.

आणखी एक. पावसात पाच-सहा माणसे ओल्या कपड्यांनी गाडीत बसली की काच आतून धुरकट होते. त्यात वायपरचा काही दोष नाही. काचेवर आतून बोट फिरवा. रेघ उमटली तर एसी चालू करा, हवेचा झोत काचेकडे वळवा आणि बाहेरची हवा आत येऊ द्या.

दुकानात जाण्यापूर्वी

जुना वायपर टेपने मोजा किंवा गाडीबरोबरचे पुस्तक बघा. दोन्ही बाजूंची लांबी बहुधा वेगळी असते. दुकानात माप इंचात सांगतात, तेव्हा ६० सेंटिमीटर म्हणजे साधारण २४ इंच आणि ४० म्हणजे १६ इंच एवढे ध्यानात ठेवा. "लांब घेतला तर जास्त काच पुसेल" या हिशेबाने मोठा घेऊ नका. दोन वायपर एकमेकांवर आपटतात किंवा टोक काचेच्या कडेला धडकते.

दांड्याचे टोक कसे आहे तेही बघा. पुष्कळ गाड्यांना छत्रीच्या मुठीसारखा आकडा असतो, काहींना वेगळी खाच असते. जुना वायपर सोबत नेला की चूक होत नाही. मागच्या काचेचा वायपर वेगळ्या बनावटीचा असतो, त्याचेही माप घ्या.

प्रकार मुख्यतः तीन. लोखंडी चौकटीचा जुना प्रकार स्वस्त असतो. बिनचौकटीचा सपाट प्रकार काचेवर सगळीकडे सारखा दाब देतो, वेगात उचलला जात नाही. तिसरा या दोन्हींचा मेळ, चौकटीवर प्लॅस्टिकचे आवरण घातलेला. काही चौकटींत नुसते रबर बदलता येते. चौकट सरळ आणि घट्ट असेल तर तेही पुरते. सिलिकॉनचे रबर महाग पण उन्हाला जास्त टिकाऊ असते. कुठलाही घ्या, बदलताना जोडीने बदला.

बदलायला दहा मिनिटे

हे काम घरी होते, मीच करते. गाडी बंद करून किल्ली काढून ठेवा. काचेवर जाड टॉवेलची घडी ठेवा. ही पायरी कधी सोडू नका. वायपर काढल्यावर उघडा दांडा स्प्रिंगच्या जोराने सुटून आपटला तर काच तडकते. दांडा उभा करा, वायपरच्या मधली कळ दाबा आणि वायपर दांड्याच्या बुंध्याकडे ओढा, म्हणजे आकड्यातून सुटतो. नवा वायपर उलट दिशेने सरकवा, टक् असा आवाज आला की बसला. ओढून खात्री करा. रबरावरचे प्लॅस्टिकचे आवरण काढा आणि दांडा हाताने अलगद खाली टेकवा. काही गाड्यांत वायपर बॉनेटच्या कडेखाली दडलेले असतात. ते जबरदस्तीने उचलू नका, आधी गाडीचे पुस्तक वाचा.

वर्षभराची निगा

कोरड्या काचेवर वायपर कधी चालवू नका. धूळ असेल तर आधी पाणी मारा. गाडी आंब्याखाली लावत असाल तर मोहराच्या दिवसांत तुडतुड्यांचा चिकट थर काचेवर बसतो. तो ओल्या फडक्याने काढावा, वायपरने फासू नये. रबर पेट्रोल, डिझेल वा रॉकेलने पुसू नका, ते फुगते आणि सडते. पाण्याच्या टाकीत काचेसाठीचे शाम्पू थोडे घाला, कपड्यांची पावडर नको. फवाऱ्याचे भोक बुजले असेल तर बारीक सुईने मोकळे करा. महामार्गावर ट्रकच्या मागून येणारे तेलकट पाणी एकटा वायपर पुसू शकत नाही, तिथे हा फवाराच कामाला येतो.

जुने ट्रकवाले काचेवर तंबाखू चोळतात. निपाणीच्या मुलखात हे नवल नाही. चिरलेला बटाटाही चोळतात. त्याने थेंब न धरता पाणी सपाट ओघळते आणि थोडा वेळ दिसायला लागते. अडचणीत ठीक आहे. मात्र तेवढ्यावर घाट उतरायचे धाडस करू नये.

हे सगळे पुरुषांचे काम, असे म्हणणाऱ्यांसाठी एक माहिती देते. काच पुसण्याच्या या उपकरणाचे पेटंट अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या मेरी अँडरसन या बाईने १० नोव्हेंबर १९०३ रोजी घेतले. न्यूयॉर्कमध्ये हिमवर्षावात ट्रामचालकाला नीट दिसत नाही हे बघून तिला ते सुचले. चालकाने आत बसून दांडी ओढायची आणि बाहेर रबराची पट्टी फिरायची. विकत घ्यायला तेव्हा कोणी पुढे आले नाही. आज प्रत्येक मोटारीच्या काचेवर तिची कल्पना फिरते आहे.

तेव्हा यंदा पापड वाळत घालाल त्याच दिवशी बादली-फडके घेऊन गाडीपाशी जा. रबर बोटाने दुमडून बघा. ते मऊ असेल तर पुसून ठेवा. कडक किंवा चिरलेले असेल तर त्याच आठवड्यात जोडी आणा. नवे वायपर लावल्याची तारीख गाडीच्या कागदांत लिहून ठेवा आणि पुढच्या वर्षी रोहिणीआधी ते पुन्हा तपासा. काच पुसायला मुलांना सोबत घ्या, त्यांना पाण्यात हात घालायला तेवढेच निमित्त.