आवणी म्हणजे श्रावण नव्हे!

तमिळ लग्नपत्रिकेवर ‘आवणी १०’ असे वाचले की मराठी माणूस सहज म्हणेल, ‘श्रावणातली दशमी!’ अन् तिथेच फसगत होते. दशमी दरवर्षी पुढेमागे सरकते; आवणी १० मात्र नेहमी २६ ऑगस्टच्या आसपासच येते. आहेर घेऊन गेलेल्या पाहुण्याला मंडपच दिसायचा नाही!

तंजावरच्या दक्षिणेस असलेल्या ओरत्तनाडु गावी हे दोन्ही हिशेब शेजारी शेजारी नांदले. तंजावरचे मराठी राजे सरफोजी दुसरे यांनी १८०२ साली येथे मुक्तांबाळ छत्र उभारले. वाटसरूंना तेथे अन्न मिळे अन् मुलांना शिक्षणही. तमिळ, तेलुगू, मराठी, संस्कृत, फारसी, इंग्रजी अशा भाषा तेथे शिकवल्या जात.

तमिळ महिने पाठ करणे अवघड नाही. चित्तिरै, वैकासि, आनि, आडि, आवणि, पुरट्टासि, ऐप्पसि, कार्त्तिगै, मार्गळि, तै, मासि, पंगुनि. चैत्र-वैशाखाचीच ही भावंडे; नावे त्याच नक्षत्रांवरून आलेली. फरक एवढाच, की आपला महिना चंद्र ठरवतो, तमिळ महिना सूर्य. सूर्य मेषेत गेला की चित्तिरै लागतो, म्हणजे साधारण १४ एप्रिलला. तै महिन्याचा पहिला दिवस म्हणजे पोंगल, आपल्या संक्रांतीचा सण.

व्याकरणातही घाबरण्यासारखे फारसे नाही. ‘वीडु’ म्हणजे घर. ‘वीट्टिल’ घरात, ‘वीट्टुक्कु’ घराला, ‘वीडुगळ’ घरे, ‘वीडुगळिल’ घरांत. आपल्यासारखेच प्रत्यय मागे जोडायचे अन् क्रियापद वाक्याच्या शेवटी ठेवायचे. शिवाय तो दगड, ती वाट, ते घर ही कटकट नाही. निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगीच! मराठी शिकणाऱ्या तमिळ माणसाला मात्र ही लिंगे घाम फोडतात.

एका बाबतीत तर मराठी माणसाला काही शिकावेच लागत नाही. हिंदीत ‘हम’ अन् इंग्रजीत ‘वुई’ म्हटले, तर समोरचा त्यात धरला की नाही, ते कळत नाही. तमिळमध्ये ‘नांगळ’ म्हणजे आम्ही, तुम्हाला वगळून. ‘नाम’ म्हणजे आपण, तुम्हाला धरून. अगदी आपल्यासारखेच!

परक्या मुलखात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या मराठी घरांनी हा भेद रोज अनुभवला. घरात मराठी बोलताना ते ‘आम्ही’ होते. शेजाऱ्यांच्या तिथी-तारखा सांभाळून त्यांच्या पंगतीला वेळेवर पोचले, तेव्हा ‘आपण’ झाले.