परसातली भाजी वर्षभर

परसबागेतली भाजी रोज लागेल तेवढी मोजून येत नाही. वेल मांडवावर चढेपर्यंत महिना-दीड महिना हाती काही लागत नाही आणि एकदा बहर धरला की दोडकी, कारली, भेंडी शेजारीपाजारी वाटूनही उरतात. म्हणून भाजी लावतानाच ती पुढे टिकवायची कशी, याचा विचार करावा लागतो.

भोपळा, दुधी, दोडका, कारले हे वेल पावसाच्या सुरुवातीला लावतात. मेथी, मुळा, पालक यांची पेरणी पावसाळा ओसरल्यावर होते, तर उन्हाळी गवार-भेंडी जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत पेरतात. मोरीच्या पाण्यावर अळू आणि केळ सहज पोसली जाते. मात्र त्या पाण्यात साबणाचा अंश फार नसावा. वेलांना आधी बहुतेक नरफुले येतात आणि ती गळताना पाहून अनेकांचा धीर सुटतो. मादीफुलाच्या मागे चिमुकले फळ दिसते, तेच पुढे धरते. मधमाश्या कमी असतील तर नरफूल तोडून त्यातले पराग मादीफुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवावेत. भोपळ्याचे फूल पहाटे उमलते आणि दुधीचे संध्याकाळी, तेव्हा हे काम त्या त्या वेळीच साधते.

काही भाज्यांना टिकण्यासाठी फारसे काही करावेच लागत नाही. पूर्ण पिकलेल्या कोहळ्यावर पांढरी मेणचट पूड धरते. असा कोहळा देठासकट काढून, न आपटता, हवेशीर जागी ठेवला तर काही महिने राहतो. लाल भोपळ्याचेही तसेच, पण देठ मोडला की कुजण्याची सुरुवात तिथूनच होते. जुन्या घरांत ही फळे आढ्याला टांगत. खालून-वरून वारा लागे आणि जमिनीची ओलही लागत नसे.

बाकीच्या भाज्यांचे भवितव्य हवेवर ठरते. देशावर, मराठवाड्यात आणि विदर्भात चैत्र-वैशाखाची हवा कोरडी, ऊन कडक. त्यामुळे तिथे वाळवणे हाच राजमार्ग झाला. गवारीत सुमारे ८० टक्के पाणी असते आणि बुरशी, जिवाणू यांना जगायला तेच लागते. गवार कोवळी, बी न भरलेली हवी. ती धुऊन, शिरा काढून उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटे बुडवायची आणि लगेच गार पाण्यात टाकायची. त्यामुळे रंग आणि चव बिघडवणारी विकरे निकामी होतात. मग निथळून, मीठ घातलेल्या ताकात घोळवून, पातळ कपड्याखाली उन्हात पसरायची आणि रात्री घरात आणायची. वाकवल्यावर शेंग कट्‌कन मोडली की ती वाळली. किलोभर गवारीची दोन-अडीचशे ग्रॅम होते. एवढ्यावर काम संपत नाही. वाळलेल्या शेंगा काचेच्या बरणीत आठवडाभर ठेवून रोज हलवाव्यात. आतल्या बाजूला दमटपणा दिसला तर पुन्हा ऊन दाखवावे. बरणीला बुरशी लागण्याचे मुख्य कारण ही टाळलेली पायरी असते. मेथीसारखी पालेभाजी मात्र सावलीतच वाळवावी. थेट उन्हात तिचा हिरवा रंग आणि अ-जीवनसत्त्व देणारे कॅरोटिन दोन्ही उतरतात.

कोकणात आणि गोव्यात समुद्राची दमट हवा वाळवणाला साथ देत नाही. तिथे मीठ कामाला आले. कैरी, फणसाचे गरे, आवळे, मिरच्या खारात घालून वर वजन ठेवतात. गोव्यातली चेपणीची तोरां त्याच रीतीची. मीठ फोडीतले पाणी ओढून घेते आणि खार पुरेसा कडक असेल तर बहुतेक जिवाणू त्यात वाढत नाहीत. फोडी खारात पूर्ण बुडालेल्या असाव्यात. वर आलेल्या फोडीला हवा लागते आणि तिथेच बुरशी धरते.

अलीकडे परदेशी पद्धतीचे पाहून भाजी बाटलीत भरून, झाकण घट्ट लावून उकळण्याची हौस वाढते आहे. इथे सावधपणा हवाच. भेंडी, गवार, वाटाणा, मका या भाज्यांत आंबटपणा कमी असतो. क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू साध्या उकळीत मरत नाहीत. त्यांच्यासाठी दाबाखालची सुमारे १२० अंश सेल्सिअसची उष्णता लागते. हवाबंद बाटलीत हे बीजाणू रुजले तर जीवघेणे विष तयार होते आणि अनेकदा वास किंवा चव बदलतही नाही. वर तेल ओतल्याने धोका टळत नाही, उलट हवा अडल्याने त्या जिवाणूला सोयच होते. तेलाखाली ताजी लसूण महिनोन्‌महिने ठेवणेही याच कारणाने धोक्याचे. व्हिनेगर, लिंबू यांनी पुरेशी आंबट केलेली किंवा भरपूर मिठाची लोणची या बाबतीत निर्धास्त असतात. साधी भाजी साठवायचीच असेल तर उकळत्या पाण्यातून काढून फ्रीजरमध्ये ठेवावी.

वाळवण कोरड्या बरणीत, उजेडापासून दूर ठेवावे, त्यावर भाजीचे नाव आणि महिना लिहावा आणि पुढचा हंगाम येण्याआधी ते संपवावे. फुगलेली, गळणारी किंवा शंका वाटणारी बंद बाटली चाखून पाहू नये; ती टाकूनच द्यावी.