परदेशातील नोकरी आणि आपला अनुभव-दाखला

वसईतून आखाती देशांत नोकरीस जाणे नवे नाही. अलीकडे मात्र आपल्या चिकित्सालयात उमेदवारी केलेले नवपदवीधर वैद्यही त्या वाटेने निघतात आणि जाताना आपल्याकडे अनुभवाचा दाखला मागतात. आपण तो प्रेमाने, पण बहुधा घाईने लिहून देतो.

संयुक्त अरब अमिरातीत आयुर्वेद चिकित्सकास शासकीय परवाना मिळू शकतो. त्यासाठी प्रत्येक कागदाची मूळ ठिकाणी पडताळणी होते. पदवीसाठी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे, नोंदणीसाठी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे आणि अनुभवासाठी थेट आपल्याकडे विचारणा येते. उत्तर दाखल्याशी जुळले नाही, तर प्रतिकूल शेरा उमेदवाराच्या नावावर पडतो, आपल्या नव्हे!

माझ्याकडे काम केलेल्या एका वैद्येच्या दाखल्यावर मी रुजू होण्याची तारीख अंदाजाने लिहिली. ती तिच्या नोंदणीच्याही आधीची निघाली. हजेरीपुस्तक उघडले तेव्हा चूक माझीच होती. खुलासा व सुधारित दाखला यांत चार महिने गेले. ती जागा दुसऱ्यास मिळाली.

म्हणून तारखा हजेरीपुस्तकावरूनच घ्याव्यात. पदनाम, कामाचे रोजचे तास, बाह्यरुग्ण व पंचकर्मातील प्रत्यक्ष काम आणि सही करणाऱ्याचा नोंदणी क्रमांक स्पष्ट लिहावा. आंतरवासितेचे वर्ष अनुभवात मिळवू नये. औषधालयाच्या मालकांनी गल्ल्यावरील विक्रीस ‘चिकित्सा’ म्हणू नये. भिडेखातर लिहिलेला असा शब्द पुढे मुलाच्याच अंगाशी येतो.

उमेदवारासही दोन गोष्टी सांगाव्यात. करारावर ‘चिकित्सक’ लिहिले आहे की ‘थेरपिस्ट’, हे निघण्यापूर्वी वाचावे. पुष्कळ जण तेथे पोहोचल्यावर केवळ अभ्यंग करीत बसतात. मध्यस्थ 1983 च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदलेला आहे का, तेही पाहावे.

युरोपची गोष्ट निराळी. जर्मनीत आपली पदवी वैद्यकीय परवाना देत नाही. 1939 च्या कायद्यानुसार ‘हाइलप्राक्टिकर’ची परीक्षा द्यावी लागते, वय किमान 25 हवे आणि जर्मन भाषा उत्तम हवी. ब्रिटनमध्ये आयुर्वेदास वैधानिक नोंदणी नाही. म्हणून आपले पदवीधर तेथे सार्वजनिक आरोग्य वा रुग्णालय व्यवस्थापन शिकतात आणि शिक्षणोत्तर व्हिसाच्या मुदतीत नोकरी शोधतात. तेथील मालकही जुन्या कामाचा संदर्भ मागतात.

दाखल्याची एक प्रत फाईलमध्ये ठेवावी. पडताळणीचे पत्र बहुधा ई-मेलने येते, कित्येकदा नको असलेल्या जाहिरातींच्या कप्प्यात जाऊन पडते; तो कप्पाही आठवड्यातून एकदा उघडावा.